आधी बटण, मग हात

तिला सगळे हातवाली म्हणत. जाहिराती जिथे बनतात तिथे माणसांची नावं लक्षात ठेवायला कुणाला सवड नसते. केस चांगले ती केसवाली, दात चांगले तो दातवाला, आणि हिचे हात चांगले म्हणून ही हातवाली. चेहऱ्याबद्दल कुणी बरंवाईट बोलत नसे, कारण चेहरा कधी लागलाच नाही. दात जरा पुढे, कपाळ जरा मोठं, चारचौघींत उठून दिसावं असं काही नाही. पण देवाने मनगटाच्या खाली सगळी कसर भरून काढली होती. लांबसडक बोटं, एकही शीर वर आलेली नाही, नखं जन्मतःच गुलाबी. टीव्हीवर फरशीवरून बोट फिरवून चकाकी दाखवणारा हात हिचा, बाळाच्या गालाला पावडर लावणारा हात हिचा, चहाचा कप अलगद उचलून बाजूला ठेवणारा हातही हिचाच. अख्खं गाव तिला रोज बघत होतं आणि बसमध्ये शेजारी बसलेली बाई तिला जरा सरकून घ्यायला सांगत होती.

आधी ती घड्याळांच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाला घड्याळ आवडलं की ते स्वतःच्या मनगटावर बांधून दाखवायचं, एवढंच काम. एकदा एक दाढीवाला गृहस्थ आला, घड्याळ न बघता मनगटच बघत बसला. मालकाने त्याला हाकलायची तयारी केली, तेवढ्यात त्याने खिशातून कार्ड काढलं. तो जाहिराती काढणारा निघाला. पुढे तोच तिचा साहेब झाला.

या हातांची खरी मालकीण मात्र आई. वडील लवकर गेले, दोघीच एकमेकींना. आईने लेकीचे हात तळहाताच्या फोडासारखे जपले, आणि या घरात ती नुसती बोलायची म्हण नव्हती. कांदा चिरायचा नाही, भांडं घासायचं नाही, कपडा पिळायचा नाही. साधी काडी ओढून गॅस पेटवायचा नाही.

"तू बस," आई म्हणायची. "तुझे हात म्हणजे आपलं दुकान. दुकानाने कुणी भांडी घासतं का?"

त्यामुळे झालं असं, की लेकीचे हात लोण्यासारखे राहिले आणि दोघींच्या वाट्याच्या भेगा आईच्या एकटीच्या हातांवर पडल्या. आईला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी विचारलं तर दोन्ही पंजे पुढे करून सांगायची, "हा माल कारखान्यातला, तो शोरूममधला." आणि स्वतःच खो-खो हसायची.

लेक संध्याकाळी कामावरून आली की आई तिच्यासाठी बादलीभर पाणी तापवून ठेवायची. कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, मग पुसायचे, मग तेल. हा नेम कधी चुकला नाही. पाणी तापायचं रॉडवर. लोखंडी वेटोळं पाण्यात सोडायचं, पिन लावायची, बटण दाबायचं, बोर्डावर लाल दिवा लागतो. प्रत्येक घरात असतो तसलाच. त्या रॉडच्या बाबतीत आईचा एक कायदा होता, आणि तो तिने लेकीला एकाच चपराकीत शिकवला होता. लेक लहान असताना पाणी तापलं का बघायला बादलीत बोट घालायला निघाली होती. आईने हातावर अशी चापट मारली की बोटं उमटली. आयुष्यात मारलेली ती एकच. मग स्वतःच रडत रडत तिला बोर्डासमोर उभं करून घोकून घेतलं.

"म्हण. आधी बटण. मग पिन. मग रॉड बाहेर. मग हात."

पोरीने म्हटलं. पुढे कित्येक वर्षं बाथरूममध्ये कुणीही शिरलं की बाहेरून आईची हाक यायची, "आधी बटण गं." पाहुणे आले तरी हीच हाक. शेजारच्या काकू तर चिडवायच्या, की हिची लेक सासरी जाताना ही हुंडा नाही, बोर्डच बांधून देईल.

आणि मग ती क्रीमची जाहिरात आली.

जाहिरात रॉडची नव्हती, हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी तिला हेच ऐकवलं. जाहिरात हातांना लावायच्या क्रीमची. कल्पना अशी, की बाई उकळत्या पाण्यात हात घालते, तरी हात मऊच. आधी पातेलं ठेवून पाहिलं. साहेबांना ते पसंत पडलं नाही. पातेल्यात काय, म्हणाले, स्वयंपाकाचा कार्यक्रम वाटतो. मग कुणीतरी बादली आणि रॉड आणला. निळी बादली, वाफ, मागे लाल दिव्याचा ठिपका. साहेब डोळा बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "हे आपलं घर वाटतं."

आता त्या सेटवर खरं काय होतं ते सांगतो. रॉडची वायर वायरमनने बादलीमागे कापून टाकली होती. लाल दिवा खिशातल्या बॅटरीच्या सेलवर जळत होता. वाफ टेबलाखाली लपवलेल्या किटलीतून नळीने वर येत होती आणि बादलीतलं पाणी इतकं गार, की बोटं आखडत होती. असा सगळा सुरक्षित कारभार. लहान मूलही त्यात पोहलं असतं.

पण हात ऐकेना. साहेबांनी सांगितलं की हात डावीकडून येईल आणि थेट पाण्यात जाईल. हात डावीकडून यायचा आणि थेट बोर्डाकडे जायचा. तिला कळायच्या आत बोट बटणावर.

"कट," साहेब म्हणाले. "हात कुठे चालला?"

"चुकलं, साहेब. सवय आहे."

पुन्हा. पुन्हा हात बटणावर. सगळे हसले. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर कुणी हसेना. वायरमन म्हातारा होता, त्याला तिची दया आली. त्याने तुटक्या वायरचं टोक आणून तिच्या तळहातावर ठेवलं.

"ताई, ही बघा. यात जीव नाही. निर्धास्त घाला हात."

"मला कळतंय हो. हाताला कळत नाही."

"मग त्याला समजवा," वायरमन म्हणाला आणि आवाज खाली आणून पुढे बोलला, "घरी नका हं करू असलं. नवा रॉड असला तर काही होत नाही, आणि तेच वाईट. माणूस सोकावतं. मग रॉड जुना होतो, वरचं कवच फुटतं, आणि अख्खं पाणीच करंट होऊन बसतं. ते दिसत नाही."

तिने हाताला समजवलं. दुपार कलली तेव्हा कुठे हात बटणाला विसरला आणि सरळ पाण्यात गेला. पण साहेबांना हवं ते अजून मिळालं नव्हतं. हात कचरतोय, म्हणाले. भरवसा दिसू दे. आईच्या कुशीत शिरावं तसा जाऊ दे. शेवटी तसाही गेला. बोटं एकामागून एक अलगद बुडाली, वाफ त्यांच्या भोवती फिरली आणि साहेबांनी टाळी वाजवली. आईने एका चपराकीत लावलेलं वळण त्यांनी एका दिवसात मोडून दाखवलं. घरी जाताना तिला उगाच चोरट्यासारखं वाटत होतं, पण कौतुक झालं होतं, आणि कौतुकाची भूक कुणाला नसते.

जाहिरात तुफान चालली. सकाळी बातम्यांच्या आधी, दुपारी मालिकांच्या मध्ये, रात्री पुन्हा. "कितीही गरम पाण्यात घाला, हात राहतील लोण्यासारखे." आईने शेजारपाजारच्या बायका जमवल्या. चेहरा नसलेल्या लेकीचं कौतुक करायचं म्हणजे कठीणच, पण आई पडद्याला बोट लावून दाखवायची, "हे बघ, करंगळीपाशी तीळ आहे ना, तो माझ्या मांडीवर मोजलेला आहे." त्या बायकांतही काकू सगळ्यांत पुढे.

थंडीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ती जरा लवकर घरी आली. बाथरूमचं दार उघडं होतं. आई पाटावर बसलेली, बादलीत रॉड, बोर्डावर लाल दिवा, आणि आईची बोटं पाण्यात. बोटंही कशी, अलगद, एकामागून एक, थेट जाहिरातीतल्यासारखी.

तिने धावत जाऊन बटण बंद केलं. "आई, हे काय करतेस?"

"पाणी बघत होते. का गं?"

"बटण चालू आहे."

"मग काय झालं? तू नाही का घालत." आईचा आवाज अगदी साधा होता. "ते जुने रॉड वेगळे होते. आता सुधारणा झाली. टीव्हीवर दाखवतात ते काय लोकांना मारायला? महिना झाला मी असंच बघते. काही होत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. कापलेली वायर, बॅटरीचा सेल, किटली, गार पाणी. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत होता. पण ज्यासाठी उतरायला हवा होता त्यासाठी नव्हे.

"म्हणजे सगळं खोटं?" आई म्हणाली. "तो हातही खोटा?"

"हात माझाच आहे गं."

"हात तुझा आणि काम खोटं. मी बायकांना जमवून दाखवते ते हे?"

लेकीला ते लागलं. इतक्या वर्षांचं काम, आईने भेगा पडेस्तोवर राखलेले हात, आणि त्याला एका शब्दात खोटं म्हणायचं. ती म्हणून गेली, "खोटं नाही, आई. तसं दाखवायचं असतं."

"हां," आई लगेच सावरली. "दाखवायचं म्हणजे शिकवायचंच ना? माझी लेक लोकांना चुकीचं शिकवणार नाही. जिथे तू हात घालतेस तिथे मला कसली भीती."

यावर काय बोलावं? बोलली असती तर आईचा अभिमान मोडला असता आणि न बोलली तर आईचा जीव टांगणीला. तिने शपथ घातली तेव्हा आईने "बरं बाई, गॅसवर तापवीन" असं कबूल केलं. रॉड तिने माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या ऑफिसात गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःहून काही बोलायला गेली होती आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"साहेब, ती जाहिरात थांबवा. लोक खरंच चालू रॉडच्या पाण्यात हात घालतात. माझी आई घालते."

साहेबांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. "पण बाई, जाहिरात क्रीमची आहे. रॉडची नाही."

"रॉड दिसतो ना त्यात."

"बादलीही दिसते. उद्या कुणी बादलीत पडेल." मग त्यांना तिची दया आली असावी. "मी वर बोलतो."

ते खरंच वर बोलले. क्रीमवाल्यांनी सांगितलं की आमच्या क्रीमने आजवर कुणाला साधी खाजही सुटलेली नाही. चॅनेलवाल्यांनी सांगितलं की आम्ही फक्त दाखवतो, बनवत नाही. रॉड बनवणाऱ्यांना तर आपला रॉड कुठे दिसतो याचा पत्ताच नव्हता. प्रत्येकाने हात झटकले आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाचे हात स्वच्छही होते. तरी तक्रार आली आहे म्हटल्यावर काहीतरी करायला हवं म्हणून महिन्याभराने जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आली. तिने टीव्हीला नाक लावून ती वाचली. "क्रीम फक्त बाह्य वापरासाठी. डोळ्यांपासून दूर ठेवा." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते याला म्हणतात. ती हसली आणि मग बराच वेळ बाथरूममध्ये जाऊन रडली.

"मी यापुढे असं काम करणार नाही" असं तिने ठरवलं होतं. पण केलेल्या कामाचं काय? ते रोज नव्याने होत होतं. ती झोपलेली असली, जेवत असली, बसमध्ये उभी असली, तरी तिचा हात कुठल्या ना कुठल्या घरात जाऊन त्या पाण्यात बुडतच होता. त्याला परत बोलावायची सोय नव्हती.

आईने काही आठवडे शब्द पाळला. मग थंडी वाढली, गुडघे धरले, गॅसवरून भरलं पातेलं उचलून बाथरूमपर्यंत नेणं जड जाऊ लागलं. एकदा गरम पाणी पायावर सांडलं. ते तिने लेकीला सांगितलं नाही, काकूंना सांगितलं. काकूंनी स्टूल घेऊन माळ्यावरचा रॉड काढून दिला. यात काकूंचं काय चुकलं? शेजारधर्मच तो. रॉड जुना, वरचं कवच कुठेतरी फुटलेलं, पण ते काही दिसत नाही, वायरमनने सांगितलंच होतं.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा चौकटीत काकू बसलेल्या होत्या आणि आत दोनचार माणसं उभी होती. मेन स्विच कुणीतरी पाडला होता, त्यामुळे घरात अंधारून आलं होतं. आई बाथरूमच्या दारात आडवी होती. उजवा हात अजून ओला. पाणी तापलेलं होतं. दुसऱ्या कुणासाठी नव्हे, हिचेच हात बुडवण्यासाठी तापवलेलं.

डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते सगळ्यांनी ऐकलं, आणि ऐकून ज्याने त्याने आपापलं कारण काढलं. कुणी म्हणालं हृदय आधीच कमजोर. कुणी म्हणालं या घरातली वायरिंगच जुनी. कुणी म्हणालं वेळ आली होती, निमित्त काही का असेना. तिने प्रत्येकाला सांगितलं, एकेकाला समोर बसवून सांगितलं, की जाहिरातीत वायर कापलेली होती, पाणी गार होतं. लोक मान डोलवायचे. आई गेल्यावर पोरगी स्वतःला दोष देते, साहजिक आहे, म्हणायचे आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. शेवटी तिनेच हात टेकले.

त्या बाथरूममध्ये तिचं पाऊल पडेना. तेव्हा काकू म्हणाल्या, "आमच्याकडे ये अंघोळीला. आईसारखीच आहे मी तुला." ती टॉवेल घेऊन गेली. काकूंनी बादली भरून ठेवली होती. रॉड आत, पिन बोर्डात, लाल दिवा लागलेला. काकू वाकल्या, पदर सावरला, आणि बोटं पाण्याकडे नेली. अलगद, एकामागून एक.

तिचा हात कधी उठला ते तिला कळलं नाही. बटण बंद झालं, पिन बाहेर आली. साहेबांनी एवढे कष्ट घेऊन मोडलेली सवय पुन्हा जागेवर आली होती, पण उशिरा.

"अगं, बंद काय केलंस? अजून कोमटच आहे."

"काकू, आई यानेच गेली."

"माहीत आहे गं." काकूंचे डोळे भरून आले. त्या खरंच आईच्या मैत्रीण होत्या. "तिची फरशी ओली होती, पायात काही नव्हतं. मी बघ, रबरी चपला घालते. आणि ती धसमुसळी. अख्खा पंजा घालायची. मी तिला कितीदा म्हटलं, लेकीची जाहिरात नीट बघ, ती कशी नुसती बोटं बुडवते."

तिने पिन मुठीत घट्ट धरली. काकूंनी तिच्या मुठीतून पिन सोडवून घेतली, लहान मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं तशी हळूच, आणि पुन्हा बोर्डात बसवली. बटण दाबलं. दिवा लागला. मग त्यांनी तिचा तो हात, ज्याला सगळं गाव ओळखत होतं, आपल्या दोन्ही हातांत धरून जरा चोळला.

"घाबरू नकोस," काकू म्हणाल्या. "तूच तर शिकवलंस आम्हाला."

आणि पाणी बघायला पुन्हा वाकल्या.